कोठीला एक्केचाळीस दारं

नवरात्र उठलं, खाचरांत पिवळेपणा चढायला लागला, की माझा उजवा पाय हलायला लागतो. बसलो की हलतो, जेवताना हलतो. झोपेतही हलतो असं बायको म्हणते, पण तिच्या बोलण्यातलं मी निम्मंच धरतो. उरलेलं निम्मं तिनं लग्नानंतर माझ्याकडून उचललेलं आहे. यंदा पाय एवढा हलला की आमच्या ऑफिसच्या खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा मालक जिना चढून वर आला आणि म्हणाला, "भाताची गिरणी टाकली काय रं वरती?" मी म्हटलं, "नाय रं, हंगाम आलाय." त्यानं मान डोलावली आणि खाली गेला. कर्जतमध्ये हंगाम आलाय म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना या दिवसांत खाली सोनं दिसतं. ते बांधावर उभे राहून फोटो काढतात. आमची नजर वर. सकाळी ऊन असं की पाठीवर पापड भाजावा. दुपारी दोनला घाटाच्या डोक्यावर मुठीएवढा एक ढग येतो, अगदी सभ्य, पांढराशुभ्र, जणू पत्ता विचारायला आलाय. तीनला त्याचे भाऊबंद येतात. चारला त्यांचा चेहरा बदलतो. भातावर तेव्हा चतुर घिरट्या घालत असतात, इतके दाट, की एकदा मी त्यांच्या सावलीत बसून डबा खाल्लाय. हे मी नेरळच्या चहाच्या टपरीवर शपथेवर सांगितलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं. एकानं तर स्वतः त्या सावलीत झोप काढल्याचं सांगितलं.

तर मी असा आहे. पोशीरला आमचं भात आहे, ते भाऊ बघतो. मी कर्जतच्या बाजारात एका खोलीत बसून जावामध्ये प्रोग्राम लिहितो. जावा ही संगणकाला कामं सांगायची भाषा, एवढं कळलं तरी पुरे. मलाही सुरुवातीची दोन वर्षं एवढंच कळलं होतं.

आमच्या भागातल्या अकरा गावांनी मिळून एक गट केला आणि भात कापायचं मशीन आणलं. रबरी पट्ट्यांवर चालणारं, चिखलात न रुतणारं, आमच्या टीचभर खाचरांत मावणारं. टेंपोतून ते पहिल्यांदा आलं तेव्हा त्याच्या मागे इतके बगळे लागले की टेंपो पांढरा दिसत होता. गावं अकरा, मशीन एक, आणि भात सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात पिकणार. मग नंबर आले. सुरुवातीला नंबर वहीत होते. वही चहात पडली, बकरीनं चघळली, एका वर्षी तर दोन वह्या निघाल्या आणि दोन्ही खऱ्या. तेव्हा गटाच्या सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी वेबसाईट करून देतो. मोबाईलवर नंबर. परदेशातून लोक बघायला येतील."

परदेशातून कुणी आलं नाही. नंबर मात्र आले.

आता माझ्या त्या वेबसाईटची रचना सांगतो, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं होतं. एक डेटाबेस होता. डेटाबेस म्हणजे कोठी धरा. सगळ्यांचे नंबर, कुणाचं खाचर कुठं, कुणाचा वार कोणता, सगळं त्या कोठीत. आणि कोठीला दार एकच असावं हे कुठल्याही घरातल्या बाईला विचारलंत तर ती सांगेल. मी कुणाला विचारलं नाही. मला नंबर घ्यायचं पान लिहायचं होतं, तेव्हा मी त्या पानातूनच कोठीला एक दार पाडलं. नंबर रद्द करायचं पान लिहिलं, दुसरं दार. यादी दाखवायचं पान, तिसरं. डायवरच्या मोबाईलवरचं पान, गावप्रमुखाचं पान, शेतकऱ्याला निरोप पाठवायचं पान. जो येईल तो भिंत फोडून आत. प्रत्येकाची आत शिरायची पद्धत वेगळी. नंबर रद्द झाला की एक पान त्यापुढे 'रद्द' लिहायचं, दुसरं नुसतं 'र', आणि तिसरं पान सरळ ती ओळच पुसून टाकायचं. चालत होतं. मी चहाच्या टपरीवर सांगायचो की माझा प्रोग्राम इतका हुशार आहे, नंबर मागायच्या आधीच देतो.

वैशाली आमच्याकडे लागली ती तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. साजगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सहा वर्षं खिडकीत बसलेली, आणि त्या खिडकीत बसल्या-बसल्याच जावा शिकलेली बाई. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं सगळं कोड वाचलं. वाचताना ती कागदावर रेघा मारत होती, पाचा-पाचाचे गठ्ठे करून.

"काय मोजतेस गं?" मी विचारलं.

"दारं."

"किती झाली?"

"एक्केचाळीस. दादा, तुमी सगळ्या कारखान्याला स्टोअरात मोकळं सोडलंय."

मग तिनं मला तिच्या स्टोअरची गोष्ट सांगितली. तिथं म्हणे मॅनेजर असो की फिटर, आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. खिडकीबाहेर एक पाटी: इथं काय काय मागता येईल. चिठ्ठी द्यायची, वस्तू घ्यायची. आत माल कुठल्या मांडणीवर आहे, कसा रचलाय, हे खिडकीतल्या माणसालाच ठाऊक. एकदा सगळ्या मांडण्या हलवून दुसऱ्या शेडमध्ये नेल्या, बाहेरच्या एकाही माणसाला पत्ता लागला नाही. पाटी तीच, खिडकी तीच. "जावातपण असंच करतात," ती म्हणाली. "पानांनी फक्त लोकांशी बोलायचं. मधे एक माणूस नियम बघणारा. आणि कोठीत हात घालणारा एकच क्लास, म्हणजे आपला खिडकीतला माणूस. बाकीच्यांनी पाटी वाचायची."

मी म्हटलं, "हंगाम झाला की करू."

"आन ट्रॉल्या?"

"कसल्या ट्रॉल्या?"

तर डेटाबेसकडे जायला मोजकी कनेक्शनं असतात, दहा म्हणा. पान एक कनेक्शन घेतं, कोठीतून हवं ते आणतं आणि कनेक्शन परत जागेवर ठेवतं. निदान ठेवायला हवं. माझी बरीच पानं घ्यायची आणि विसरायची. वैशालीच्या स्टोअरात माल न्यायच्या दहा ट्रॉल्या होत्या, लोक त्या कारखानाभर कुठंही सोडून द्यायचे, आणि मग दुपारनंतर माल असूनही काम ठप्प. "तुमच्याकडे बी दुपारनंतर तसंच होणार," ती म्हणाली.

मी हसलो. माझ्या हसण्याला तेव्हा मोठी मागणी होती.

मग हंगाम आला. त्या हंगामाचा वास अजून माझ्या नाकात आहे. पिकलेल्या भाताचा वास लोक गोड म्हणतात. त्यात खाली सुकणाऱ्या चिखलाचा, कुजक्या पात्यांचा, खेकड्यांच्या बिळांचाही वास असतो, आणि त्या सगळ्यावर कोरड्या पेंढ्याची एक खरखर, जी नाकाला नाही, घशाला कळते. त्या वासात मी दिवसभर येरझाऱ्या घालायचो. खोलीत बारा पावलं जागा. त्या ऑक्टोबरात मी खोलीतल्या खोलीत चालून खंडाळ्याला जाऊन आलो असेन.

भिमाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पळसदरीला, धरणाच्या खालच्या अंगाला तिचं दीड एकर. आतोबा गेल्यापासून एकटीच करते. मुलगी सासरी, लांब. त्या दीड एकरावर तिचं वर्षाचं खाणं, आणि पुढच्या वर्षाचं बियाणंही त्यातलंच, कारण ती पाकिटातलं बी घेत नाही. म्हणते, "त्या बियाची आन माझी वळख नाय." तिचा नंबर होता गुरुवारी. तिच्या खालच्या खाचरवाल्या गोमाभाऊंचा सोमवारी. सोमवारनंतर मशीन साजगावकडे जाणार, तिथून खालापूरच्या गावांत, आणि परत यायला आठवडा.

बुधवारी सकाळी गोमाभाऊंचं भात आडवं व्हायला लागलं. लोंब्या जड झाल्या, दाणा झडायला लागला. आत्याचं अजून ताठ उभं. आमच्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगतो, कारण ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. ज्याचं पडायला लागलंय त्याच्या बांधावर दुसऱ्यानं जायचं आणि म्हणायचं, घे माझा. एवढंच. 'आणि तुझा मला दे' असं कुणी म्हणत नाही. म्हणायला लागलं तर तो अपमान. 'घे माझा' म्हटलं त्याच श्वासात 'तुझा माझा झाला' हे येतं. अर्धं देणं ही गोष्टच आमच्याकडे नाही.

आत्या गोमाभाऊंच्या बांधावर गेली आणि म्हणाली. मग तिनं मला फोन केला. "दिन्या, गोमाचा आधी लाव रं. माझा मागं."

मी ऑफिसात होतो. अदलाबदलीचं पान उघडलं, दोन्ही नावं भरली, बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: अभिनंदन, अदलाबदल झाली. मी आत्याला सांगितलं झाली म्हणून.

झाली नव्हती. ते पान दोन कामं दोनदा आत शिरून करायचं. पहिल्यांदा शिरून आत्याचा गुरुवार गोमाभाऊंना द्यायचं. बाहेर यायचं. दुसऱ्यांदा शिरून गोमाभाऊंचा सोमवार आत्याला द्यायचं. पहिलं झालं. दुसऱ्या वेळी ट्रॉली नव्हती. दहाच्या दहा कुठल्या तरी पानांनी नेऊन सोडल्या होत्या. दुसरं काम तिथंच मेलं, आणि ते मेलंय हे बघायच्या आधीच अभिनंदन लिहून मोकळं होणारं पान जगात मी एकट्यानंच लिहिलं असेल. बांधावर जे एका श्वासात होतं, त्याचे माझ्या जावानं दोन तुकडे केले आणि एक हरवला. असं होऊ नये म्हणून सोय असते, तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात: होतील तर दोन्ही कामं होतील, नाहीतर एकही नाही, सगळं होतं तसं. मला ती माहीत होती. परीक्षेत मी त्यावर दहापैकी नऊ मार्क मिळवले होते.

सोमवारी सकाळी मशीनचा डायवर बबनदादा, खालापूरचा, सहा फुटी, कमी बोलणारा, त्यानं मोबाईलवर यादी पाहिली. गोमाभाऊ, सोमवार. त्यानं गोमाभाऊंना फोन केला, ते म्हणाले माझं गुरुवारीच झालंय. बबनदादानं 'झालं' दाबलं, मशीन टेंपोत चढवलं आणि साजगाव गाठलं. आत्या सकाळी सातपासून बांधावर, पाण्याचा हंडा नि चहाचा टोप घेऊन. नऊ वाजले. अकरा वाजले. दुपारी तिचा फोन आला आणि मी मोटरसायकल काढली.

मी पोचलो तेव्हा बबनदादाही तिथं आलेला. मशीन साजगावला चालू ठेवून, भाच्याला बसवून, तो खास आला होता. आत्या त्याच्यावर पेटलेली.

"गरिबाचं खाचर दिसत नाय तुला. साजगावचं दिसतं."

"आत्या, यादीत तुझं नाव नव्हतं."

"यादी माजी हाय का? मी शब्द दिलावता. तुला ठाव हाय."

"मला गोमाभाऊनं काय सांगितलं नाय गं."

आठदहा माणसं जमली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, ज्याला उत्तर तोपर्यंत पक्कं कळलं होतं, कारण येण्यापूर्वी मी कोठीत डोकावून आलो होतो, मी तोंड उघडलं आणि गोष्ट सांगितली. म्हणालो, बुधवारी घाटावर विजा झाल्या ना, त्यानं वर सॅटेलाईटचा तोल गेला. अर्ध्या महाराष्ट्राचे नंबर उडाले. नाशकात तर एका माणसाच्या नावावर चार मशिनं लागली. मोठमोठे इंजिनिअर हात टेकून बसलेत. मी गोष्ट चांगली सांगतो. कुणीतरी म्हणालं, "मग त्याला कोण काय करणार." बबनदादा मान खाली घालून टेंपोकडे गेला. आत्या माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी ताप आल्याचं सांगितलं की बघायची तशी, कपाळाला हात न लावता.

वर मुठीएवढा ढग आला होता.

एक गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, आणि सुचली असती तर मी बोललो असतो का हेही माहीत नाही. आमच्याकडे आभाळानं नंबर नेला तर तो गेला. आभाळापुढं सगळे सारखे. पण माणसाच्या चुकीनं कुणाचा नंबर गेला असेल, तर पुढच्यानं आपला द्यायचा, ही रीतच आहे. मी खरं बोललो असतो तर त्याच दुपारी साजगावातून कुणीतरी आपला नंबर सोडला असता. मी आभाळाचं नाव घेतलं आणि आत्याची तीही वाट बंद केली.

मंगळवारी पहाट फुटताच आम्ही विळे घेऊन खाचरात उतरलो. मजूर मिळेनात, सगळे कुठं ना कुठं गुंतलेले. आत्या, मी, वैशाली आणि माझी बायको. चार माणसं आणि दीड एकर. मी विळा धरला तो कॉलेजनंतर पहिल्यांदा. तासाभरात हाताला फोड आले; एकेक एवढा मोठा, की त्यात मासे सोडावेत. आत्या पुढे कापत जायची, एका लयीत, मूठ भरली की मागे ठेवायची, मान वर न करता. आम्ही तिघं मागे धडपडत.

दहाच्या सुमारास वैशाली माझ्या शेजारी आली. "दादा, तुमी सांगताय का मी सांगू?"

"काय?"

"सॅटेलाईटचं."

मी अजून चार मुठी कापल्या. मग आत्याच्या बाजूला गेलो. वाकूनच बोललो, वाकलेल्या माणसाला तोंड दाखवावं लागत नाही.

"आत्या, बबनदादाची चूक नाय."

"मग?"

"माझी. पानानं तुझा नंबर गोमाभाऊंना दिला आणि त्यांचा तुला द्यायच्या आधी मधेच थांबलं. मी नीट लिहिलं नव्हतं."

"आन त्यो सॅटेलाईट?"

"नव्हता."

आत्यानं हातातली मूठ मागे ठेवली. पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवला, घाटाकडे पाहिलं.

"आभाळाला कशाला मधी घातलंस रं? त्याला काय कमी कामं हायत?"

मी तिनं ठेवलेली मूठ उचलून पेंढीत घातली.

"काल सांगायचं होतंस. बबनला मी काय काय बोलले." मग पुन्हा वाकून ती म्हणाली, "लाव त्याला फोन."

मी फोन लावला. बबनदादाला सगळं सांगितलं. पलीकडे मशीनचा आवाज. मग तो म्हणाला, "दिनूशेठ, थांब." फोन हातात तसाच धरून त्यानं बांधावरच्या लोकांना ओरडून विचारलं, आणि मला पलीकडून एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मग ने की मशीन. इचारतोस काय." कोण बाई, तिचं नाव काय, मला आजही माहीत नाही. तिनं विचार करायला दोन सेकंदही घेतले नाहीत.

मशीन टेंपोत चढवायचं, दोरखंड आवळायचे, साजगावहून पळसदरी. दुपारी साडेतीनला टेंपो गावच्या वळणावर दिसला. आणि त्याच वेळी घाटावरून वारा सुटला, गार, ओल्या मातीचा वास घेऊन. टेंपोची फळी खाली पडायला आणि पहिले थेंब पडायला एकच गाठ. थेंब कसले, लिंबं होती. बबनदादानं मशीन उतरवलंसुद्धा, दोन हात आत नेलंसुद्धा. पण ओलं भात मशीन घेत नाही, कोंडतं. दहा मिनिटांत तो थांबला आणि वरच बसून राहिला, भिजत. आम्ही कापलेल्या पेंढ्या ताडपत्रीखाली ओढत होतो. निम्म्याहून थोडं कमी वाचलं. उरलेलं आमच्या डोळ्यांदेखत आडवं झालं, एखाद्यानं चादर झटकून अंथरावी तसं सावकाश.

पाऊस तीन दिवस होता. पडलेल्या लोंब्यांना जागच्या जागी हिरवे कोंब फुटले. त्यातलं काही खायच्या कामाचं राहिलं नाही. वाचलेल्यातलं आत्यानं आधी बियाणं बाजूला काढलं, आणि उरलं त्यात ती वर्षभर कशी राहिली, हे मी विचारलं की म्हणायची, "बसले सॅटेलाईट खात." बबनदादाला तिनं घरी बोलावून चहा दिला. माफी मागितली नाही. बशीत दोन जास्तीच्या खाऱ्या ठेवल्या.

त्या तीन दिवसांतच मी आणि वैशालीनं दारं बुजवायला सुरुवात केली. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत मी येरझाऱ्या घालत एकेक पान वाचतोय, आणि ती टेबलाशी बसून विचारतेय, "ह्याला कोठीतनं नेमकं काय पायजे?" पाटी तयार होत गेली: नंबर दे, नंबर सोड, दोघांचे नंबर बदल, गावाची यादी दे. एक्केचाळीस दारांतून जे चाललं होतं ते सगळं मिळून नऊ मागण्यांत बसलं. मला खरं तर राग आला. एवढ्या वर्षांचा माझा पसारा, आणि मागण्या नऊ. 'रद्द' कसं लिहायचं ते आता एका जागी ठरलं. ट्रॉली घेतली की परत ठेवायची ते एका जागी. दोघांचे नंबर बदलायचे तर एका श्वासात, नाहीतर मुळीच नाही, आणि अभिनंदन सगळ्यात शेवटी, खरंच झालं असेल तरच. नऊही मागण्या चालायला लागल्यावर मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच.

कारण पूर्वी काही बिघडलं की मला एक्केचाळीस जागा होत्या लपायला. ह्या पानात असेल, त्या पानात असेल, नेटवर्क असेल, विजा झाल्या असतील. पसाऱ्यात माणसाला फार सुखानं खोटं बोलता येतं, कारण खरं कुठं आहे हे त्यालाही शोधावं लागतं. आता चूक झाली तर ती त्या एका खिडकीत झाली. खिडकीवर माझं नाव. लोक सुबक रचनेचं कौतुक करतात, स्वच्छ, नीटनेटकी वगैरे म्हणतात. मला तिची भीती वाटते. मी टपरीवर अजून गोष्टी सांगतो, चतुरांच्या, बगळ्यांच्या, मासे मावतील एवढ्या फोडांच्या. पण मशीनच्या नंबराबद्दल कुणी विचारलं की माझ्या तोंडून आपोआप दोन सरळ वाक्यं बाहेर पडतात, आणि ऐकणारे निराश होतात. "बिघडला दिन्या," असं एकजण म्हणालाही.

तीन हंगाम खिडकीनं दगा दिलेला नाही. वैशाली म्हणते देणार नाही, तिनं सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय. संगणकाकडून दिवसाला शंभर खोट्या अदलाबदली करून घेते, मधेच वायर काढून बघते. तरी पाय हलतो. कोड बरोबर आहे हे डोक्याला पटतं, पायाला कोण सांगणार.

बुधवारी आत्याचा फोन आला. यंदा तिचा नंबर शुक्रवारचा. ढग रोज दुपारी हजेरी लावून जातायत. तिच्या बांधाला लागून ठाकरवाडीतल्या पारूचं अर्धा एकर आहे, पहिल्यांदाच केलेलं, आणि ते आदल्या दिवसापासून पडायला लागलं होतं. पारूचा नंबर सोमवारचा, पळसदरीतला शेवटचा.

"दिन्या, पारूचा आधी लाव. माझा मागं."

मी फोन कानाला धरून येरझाऱ्या सुरू केल्या.

"आत्या, परत सोमवार? मशीन पुढं गेलं तर? आपण पारूला दुसरं कुणाचं बघू. नाहीतर मी येतो, आपण तिचं हातानं—"

"दिन्या."

"काय?"

"तुझ्या पानाला भिऊन मी शब्द द्यायचा बंद करू का?"

मी दोन्ही नावं भरली. बटण दाबलं. अदलाबदल झाली असं आलं, आता अभिनंदन लिहीत नाही आम्ही. मग मी कोठीत स्वतः डोकावून पाहिलं: पारू, शुक्रवार. भिमाबाई, सोमवार. पुन्हा पाहिलं. बबनदादाला फोन करून त्याच्या मोबाईलवर काय दिसतंय ते वाचून घेतलं. वैशाली समोर बसून गालात हसत होती. शुक्रवारी पारूचं भात व्यवस्थित घरी गेलं.

आज रविवार. मी पळसदरीला आलोय, उगाच, आणि आत्याच्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतोय. घाटावर दोन ढग आहेत, एक लहान, एक त्याहून लहान. आत्यानं मला एकदाही विचारलं नाही, उद्या मशीन नक्की येणार ना म्हणून. सकाळी ऊन चढायच्या आत तिनं खाचराचे चारही कोपरे विळ्यानं कापून मोकळे करून ठेवलेत. मशीनला वळायला तेवढी जागा लागते.